आशाबाईंच्या वड्या आणि शफीभाऊंचा भोंगा

शफीभाऊंच्या घरातून बॅटऱ्या बाहेर पडल्या त्या एका ओढणीमुळे. आरमोरीतल्या घराच्या मागच्या खोलीत त्या चार्जिंगला लावलेल्या असत. एकदा त्यातलं तेजाब मुलीच्या, निशातच्या, नव्या ओढणीवर उडालं आणि ओढणीची चाळणी झाली. अख्तरीभाभींनी निकाल दिला, "इस घर में या तो बॅटरी रहेगी, या मैं." शफीभाऊंनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला, असं भाभी अजून सांगतात.

मग बॅटऱ्या, भोंगे, बांबू, सगळं सामान त्यांचा जुना स्नेही देवाजी याच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, टिनाच्या शेडमध्ये गेलं. देवाजी भाडं घेत नाही. म्हणतो, "तुमाले काय भाडं मांगू जी, घरचेच तुमी." या घरच्या माणसाचा माइक त्याने दोन पोरींच्या लग्नात, नातवाच्या बारशात आणि एकदा बैल हरवला तेव्हा फुकटात वाजवून घेतला आहे. असल्या गोष्टी माझ्या ध्यानात राहतात. देवाजी तोट्यात गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

अडचण एवढीच की शेडमध्ये वीज नाही. शेजारच्या जिल्ह्यात ऊर्जानगरची धुराडी रात्रंदिवस धूर सोडत वीज करतात, पण देवाजीच्या बांधीकडे यायला तारेला अजून सवड झालेली नाही. आणि बॅटरीचं पाहुण्यासारखं असतं. काम सांगा न सांगा, तिला वेळेवर खायला घालावंच लागतं. नुसती पडून राहिली तरी ती उतरत जाते, आणि फार दिवस उपाशी राहिली की कायमची बसते.

मागच्या शंकरपटात तेच झालं. बैलजोड्यांच्या शेवटच्या धावा सुटायच्या, त्याच वेळी भोंगा आधी घोगरा झाला, मग मुका. शफीभाऊ हातांचा कर्णा करून ओरडत राहिले. कोण जिंकलं ते कोणालाच कळेना, आणि दोन गावांनी एकाच वेळी गुलाल उधळला. भांडण मिटवता मिटवता पटाच्या कमिटीचे अध्यक्ष श्रावणभाऊ यांचं धोतर फाटलं. ते त्यांनी लक्षात ठेवलं, आणि यंदा आधीच बजावलं,

"शफीभाऊ, औंदा भोंगा बसला तं पुढच्या सालापासून देसाईगंजचा जनरेटरवाला. मंग मले नाई बोलाचं."

शफीभाऊंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, पोट त्यावर चालतं. पण घड्याळवाल्याला गर्दीत कोण ओळखतो? लग्नांत आता डीजे आले. वर्षातून एकदा, पटाच्या मैदानात, "सुटली, सुटली, आरमोरीची जोडी सुटली!" असं ते म्हणतात तेव्हाच हजारो माना त्यांच्या शब्दासरशी वळतात. पट गेला असता तर त्यांचं तेवढंही गेलं असतं.

म्हणून दिवाळीनंतर त्यांचा भाचा जुबेर ऊर्जानगरहून आला. तिथे तो वायरिंगची कामं करतो. त्याने शेडबाहेर लोखंडी घोडीवर कमरेएवढ्या उंचीवर सोलर प्लेट बसवली, घोडीच्या मागच्या पायांखाली विटा देऊन तिरपी. आत भिंतीवर डबी. डबीवर हिरवा दिवा म्हणजे बॅटरीचं पोट भरलं, पिवळा म्हणजे अर्धं, लाल म्हणजे उपास. "मामू, ऊन तेवढं पडू द्या, बाकी ती पाहून घेते," असं सांगून तो गेला.

पहिले काही दिवस हिरवा. मग पिवळा. पट महिन्यावर आला आणि दिवा लाल झाला.

शफीभाऊ दुकान बंद करून सूर्य बुडताना शेडवर येत. त्यांनी आधी संशय घेतला तो सुकलूवर. शेजारच्या बांधीतला सुकलू शेडमध्ये मोबाइल चार्जिंगला लावायचा.

"काऊन बे, माह्या बॅटरीचं रगत पिऊन राह्यला का?"

"एवढासा मोबाइल, भाऊ, थो किती पिन?" सुकलू म्हणाला. पण मोबाइल उचलून चालता झाला, आणि पुढे देवाजीच्या बांधीवरून जाताना मान वळवायचंही त्याने सोडलं. दिवा लालच.

शफीभाऊंनी जुबेरला फोन लावला. तो म्हणाला, "प्लेटवर कशाची सावली पडते का, ते पाहा." शफीभाऊंनी मावळत्या उजेडात चारही बाजूंनी पाहिलं. एक झाड नाही. प्लेट तर, सांगून ठेवल्याप्रमाणे, आरशासारखी पुसलेली. देवाजीवर त्यांचा जीव जडला. किती काळजी घेतो माणूस!

परतीच्या वाटेवर देवाजीचं घर. तिथे रोज चहा, आणि चहाबरोबर त्याच्या बायकोने, आशाबाईंनी, तळलेल्या कोहळ्याच्या वड्या. शफीभाऊ दिव्याचं दुःख सांगत आणि वड्या खात.

"वड्या मात्र एक नंबर, बाई. कशा कुरकुरीत! आमच्या घरी कधी अशा वाळत नाईत."

"ऊन चांगलं लागते ना जी त्याहिले," आशाबाई समाधानाने म्हणत आणि आणखी चार वाढत.

पट चार दिवसांवर आला. तो शुक्रवार. नमाजनंतर दुकान न उघडता शफीभाऊ सायकल मारत भर दुपारी बांधीवर पोचले, आणि घोडीसमोर उभेच राहिले. प्लेटवर जुनं लुगडं चारही कोपऱ्यांना घट्ट बांधलेलं, आणि त्यावर ओळीने वड्या. वर चकचकीत ऊन, खाली काळोख.

"आशाबाई! हे काय करून राह्यल्या?"

आशाबाई लाखोरीच्या पिकातून उठून आल्या. "घरी कोंबड्या चोची मारतेत. इथी उंचावर हाय, गरम हाय, तुमी रोज पुसून ठेवा म्हनता. मंग रिकामी काऊन ठेवाची? सांजच्याले उचलून, पुसून ठेवतो ना मी."

"अवं, उनानं पोट थ्या वड्याईचं भरून राह्यलं! माह्या बॅटरीचं उन मीच रोज चहासंग खाल्लं!"

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरलं तेव्हा पटाची तारीख त्यांना आठवली, आणि त्यांनी वड्या भराभर सुपात काढल्या.

"आता चार दिवस तुमची प्लेट माह्याकडे. तुमी दुकान पाहा."

त्या सकाळी घोडी पूर्वेकडे वळवत, दुपारी तिच्या पायांखालच्या विटा काढून प्लेट आडवी करत, कलत्या उन्हात पश्चिमेकडे. वड्या फिरवायची सवय प्लेटच्या कामी आली. रोज संध्याकाळी शफीभाऊ येऊन डबी पाहत. लाल. पिवळा. पिवळाच. पटाच्या आदल्या सांजेला हिरवा.

पटाच्या दिवशी देसाईगंजवाला जनरेटर ट्रॅक्टरवर घालून मैदानाच्या कडेला येऊन बसला होता. म्हणे नुसतं बघायला. श्रावणभाऊंनी नवीन धोतर नेसलं होतं, पण दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. जोड्या सुटत गेल्या, दुपार कलली, शेवटची जोडी सुटली. भोंग्याचा आवाज तसाच खणखणीत. गुलाल एकाच गावाने उधळला. देसाईगंजवाल्याने ट्रॅक्टर वळवला.

"शफीभाऊ, पुढच्या सालीबी तुमीच," श्रावणभाऊंनी मंचावर चढून सांगितलं. "आता बंद करा."

पण बॅटरीत जीव होता. शफीभाऊंनी सुकलूची हजारो लोकांदेखत माफी मागितली. सुकलू लाजून बैलाच्या आड गेला. मग त्यांनी आशाबाईंच्या वड्यांची तारीफ सुरू केली, आणि अख्तरीभाभींनी निरोप पाठवला की ही तारीफ घरच्या वड्यांची कधी ऐकली नाही.

मैदान रिकामं झालं. भोंगा चालूच होता.

देवाजी माझ्या कानाशी लागला, "त्याले म्हना, पुढच्या पटाले अशीच बॅटरी पायजे असन तं बाईले वड्यांसाठी एक वेगळी घोडी बनवून दे."