बारदानावरचा मोर

"अजून दोन बोटं डावीकडे घे," महिपत खालून म्हणाला, आणि स्टुलावर उभ्या असलेल्या सगुणाने बत्त्याने तिसऱ्यांदा खिळा ठोकला. भिंतीतून भुसभुशीत वाळू तिच्या मनगटावर सांडली. खिळा बसला की नुसता बसल्यासारखा झाला, हे तिला कळेना. तिने तो बोटांनी हलवून पाहिला आणि मग खाली हात करून मोर मागितला.

मोर म्हणजे बारदानावर लोकरीने भरलेला, माणसाच्या उंचीचा पडदा. कल्याणच्या बाजारातून आणलेली साखरेची पोती तिने उसवली, धुतली, जोडली आणि त्यांवर शेजारणींच्या विणकामातून उरलेली लोकर भरली. कडेला तिच्याच दोन जुन्या साड्यांचे काठ लावले. दोन वर्षं ती त्या मोरासाठी खपली होती. थोरल्या मुलीच्या लग्नात तो रुखवतात मांडला, सगळ्यांनी वाहवा केली, पण मुलीच्या सासरी पाठवायचा तेव्हा मात्र तिचा हात धजावला नाही. तेव्हापासून तो ट्रंकेत होता.

आज तो भिंतीवर लागला आणि भेग गेली. निदान दिसायची गेली.

"पंखा एकवरच ठेव," महिपत म्हणाला. "तीनवर केलास की त्याचा पाय उडतो."

"घर बघायला येतायत किती वाजता?"

"पाचला. आणि हे बघ, विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही. विचारलं तर मी बोलेन."

सगुणा स्टुलावरून उतरली. तिने वाळू झाडून सुपलीत भरली.

भेग तुळईच्या कोपऱ्यातून निघायची आणि तिरकी होत कमरेपर्यंत यायची. चार वर्षांपूर्वी ती केसासारखी होती. महिपतच्या कोलशेतच्या कंपनीतल्या एका जाणत्या माणसाने त्याला सांगितलं होतं, की भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटव आणि तारीख घाल. पट्टी फाटली तर भिंत हलतेय असं समज. पहिली पट्टी अकरा महिने टिकली. दुसरी पाच. तिसरी दिवाळीत लावली होती, ती होळीच्या आत फाटली. तिन्ही अजून तिथेच होत्या. सकाळी महिपत त्या खरवडायला गेला, तर पट्टीबरोबर प्लास्टरच हातात यायला लागलं, म्हणून त्याने नाद सोडला.

कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेला पैसा त्याने टिटवाळ्याच्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात अडकवला होता. डोंबिवलीची ही जागा विकली की उरलेले द्यायचे. तिथला मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, त्यानंतर तो दुसरं गिऱ्हाईक बघायला मोकळा. मे अर्धा सरला होता. आधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिल्याने भेगेत चक्क करंगळी घातली. दुसऱ्याने नुसतं पाहिलं, पाणी प्यायला आणि चपला घातल्या. आजचं तिसरं गेलं, तर टिटवाळ्याचं घरही जाणार होतं आणि पावसाळाही याच भिंतीखाली काढायचा होता.

तसं पाहिलं तर सगुणाच्या घरात नुसती शोभेची म्हणून एकही वस्तू नव्हती. मोरीला दार नव्हतं, तिथे लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे जेमक्लिपांवर गुंडाळून केलेला पडदा होता. ओट्याची फुटकी फरशी दुधाच्या पिशव्यांच्या विणलेल्या आसनाखाली होती. मीटरच्या लोंबत्या वायरींवर फुटक्या बांगड्यांचं तोरण होतं. झाकपाक करण्यात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. पण आजवर झाकली ती आपली गरिबी. दुसऱ्याला फसवण्यासाठी आपण सुई कधी उचलली नव्हती, हे तिला सकाळपासून टोचत होतं.

पाचला पाच कमी असताना बेल वाजली.

जगन आणि हेमा, नवरा-बायको. तो कुठल्याशा कचेरीत कारकून. आल्या आल्या त्याने नळ सोडून पाहिले, बटणं लावून पाहिली, गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. ती सव्वीस-सत्तावीसची असेल. तिने दोघांच्या चपला भिंतीशी जोडून ठेवल्या आणि आत येऊन हात मागे बांधून उभी राहिली.

"पाणी किती वेळ येतं, काका?"

"सकाळी दीड तास. पण जोरात येतं हां."

"गळती वगैरे?"

"छे! तिसरा मजला आहे. गळेल ते वरच्यांचं."

महिपतने जगनला गॅलरीत वारा किती येतो ते दाखवायला नेलं. सगुणा चहा टाकायला वळली, तर हेमा तोरणाखाली उभी राहून बांगड्यांचे तुकडे मोजल्यासारखे पाहत होती.

"मेणबत्तीवर वाकवलेत ना हे, काकू? माझी बोटं भाजायची. आईने शिकवलेलं."

"माझीही भाजली की," सगुणा म्हणाली. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग भीती वाटली.

कारण हेमा आता मोराकडे वळली होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "बारदानावर? आणि पिसारा काश्मिरी टाक्याने?"

"पिसारा काश्मिरी. मान साखळीची."

"केवढं काम आहे हे!"

भरतकाम येणाऱ्या बाईची एक खोड असते. ती काम समोरून पाहते, कौतुक करते आणि लगेच उलटं करून बघते. समोरची बाजू कुणीही सजवेल. गाठी कुठे मारल्या, धागा कुठून कुठे ओढत नेला, ते मागे कळतं. सगुणा स्वतः जन्मभर हेच करत आली होती, लोकांचे टेबलक्लॉथ उलटून नाक मुरडत आली होती. आणि नेमकी हीच गोष्ट सकाळपासून तिच्या ध्यानात आली नव्हती. एखादं कॅलेंडर टांगलं असतं, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

"चहात साखर किती घालू?" तिने जरा मोठ्यानेच विचारलं.

"घाला कितीही," हेमा म्हणाली, खाली वाकली आणि तिने पडद्याचं टोक चिमटीत धरून वर केलं.

सगुणाला तिची फक्त पाठ दिसत होती. अंबाड्याखालची मान, ब्लाउजचं शिवलेलं हूक. ती पाठ हलली नाही. पडदा कमरेपर्यंत वर गेला, मग खांद्यापर्यंत. हेमाचा दुसरा हात आत गेला. चहा उतू जायला आला, तरी सगुणाला गॅस कमी करायचं सुचलं नाही. आता ही नवऱ्याला हाक मारणार. मारू दे, असंही तिच्या मनात येऊन गेलं. एकदाचं संपेल तरी.

"काय गं, काय बघतेस?" गॅलरीतून जगनने विचारलं.

"काही नाही," हेमा म्हणाली. तिने टोक सोडलं आणि तळहाताने पडदा वरून खाली सारखा केला. "मागून पण किती साफ काम आहे, ते बघत होते."

महिपतने दारातूनच सगुणाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. सगुणाने मान खाली घालून चहा गाळला.

चहा झाला. जगनने जागा आवडल्याचं सांगितलं, पण त्याच्या आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय इसार देता येणार नाही, असंही सांगितलं. "ती पुढच्या रविवारी येईल. तिला पसंत पडलं की झालं." महिपत म्हणाला, "आणा की, आणा. घर तुमचंच आहे." दोघे इमारतीच्या कागदांवर बोलायला लागले.

हेमा कपबशा घेऊन आत आली. नको म्हणत असतानाही तिने त्या विसळल्या. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरी भुकटी होती. ती पाण्याबरोबर गेली.

"काकू, हा मोर तुम्ही टिटवाळ्याला नेणार का?"

"का गं?"

"ठेवून जा ना इथे. मी त्याचे वेगळे पैसे देईन. साठवलेत थोडे." तिने आवाज उतरवला. "आणि रविवारच्या आत खालची दोन्ही टोकं खिळ्याने ठोकून घ्या. आमच्या आईंना पण भरतकामाची आवड आहे."

सगुणाच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"तू पाहिलंस," ती म्हणाली.

"पाहिलं."

"तारखा?"

"त्या पण वाचल्या." हेमाने बशी पालथी घातली. "आम्ही दीड खोलीत नऊ माणसं आहोत, काकू. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, ती ओट्याखाली झोपते. पाच वर्षांत त्या घरात मी एक खिळा ठोकलेला नाही. ठोकू देत नाहीत." तिने दुसरी बशी पालथी घातली. "भेग बुजवता येते. तिथलं काय बुजवू?"

"अगं, पण पोरीला घेऊन तू..."

"आईंना यातलं काही बोलू नका," हेमा म्हणाली, आणि तेवढ्यात महिपत हसत हसत आत आला, तशी सगुणाने राहिलेले कप पुसायला घेतले.

ती दोघं जिना उतरेपर्यंत महिपतने दम धरला. मग त्याने दार लावलं आणि मांडीवर थाप मारली.

"वाचलो! तिने पडदा उचलला तेव्हा माझं तर पाणी पाणी झालं. पण दिसलं नाही बघ तिला. सगळं लक्ष तुझ्या टाक्यांवर. तुझ्या हाताला यश आहे, सगुणा."

सगुणाने त्याला काही सांगितलं नाही. आपल्याला हलकं वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं. फसवलं तर कुणालाच नव्हतं. पण दोन गिऱ्हाइकं परत गेली तेव्हा वाटली नव्हती, एवढी लाज तिला आता वाटत होती.

"पुढच्या रविवारी म्हातारी येणार," महिपत म्हणाला. "आजच टोकं ठोकून टाकू. आण तो बत्ता."

"थांबा."

तिने स्टूल भिंतीशी ओढलं, मोर खिळ्यावरून उतरवला आणि खाटेवर पसरला. भेग पुन्हा समोर आली, तिच्या तीन फाटक्या पट्ट्यांसकट. सगुणाने मैद्याची खळ शिजवली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूतून दोन बोटं रुंदीची पट्टी कापली आणि सर्वांत खाली, पडद्याचं टोक उचललं की पहिली दिसेल अशा जागी, भेगेवर आडवी चिकटवली. तळहाताने दाबून धरली. मग पेन्सिलीने तारीख घातली, सतरा मे ब्याण्णव.

महिपत बघतच राहिला.

"आता कशाला? आपली का राहिलीय ती भिंत?"

तिने दाभण काढली, तांबडी लोकर दुहेरी ओवली आणि मोराच्या खालच्या दोन्ही टोकांना एकेक फास विणायला बसली.

"अगं, ठोकून टाकलं की कायमचं काम झालं. हे कुठे टिकायचं?"

"म्हातारीपुरतं टिकेल. फास विणीतच लपतो, तिला दिसणार नाही," सगुणा म्हणाली. "ठोकलेलं उघडून रोज कोण बघतं? दोन आकडे द्या मला, खिळे नकोत."

त्याने कुरकुरत आकडे शोधून दिले. तिने ते स्वतः ठोकले, मोर टांगला, फास अडकवले. पंखा तीनवर केला. मोराचा पाय जागचा हलला नाही. मग तिने एका बोटाने डावा फास काढून पाहिला. तो सहज निघाला. आत पट्टी अजून ओली होती.

रविवारी सासूच्या मागे उभ्या असलेल्या हेमाला तो फास कसा दाखवायचा, याचा विचार करत ती बराच वेळ तिथे उभी राहिली.