दुर्वाची परीक्षा

"आधी एक गोष्ट सांगते काकू," उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता कादंबरी म्हणाली. "आमच्यापैकी कोणी तुमच्या घरी येतं की नाही, येत असेल तर काय बोलतं, यातलं काहीही मला सांगायचं नाही. एक शब्दही नाही."

"काहून?"

"मला ते माहीत नसलं पाहिजे. कळलं तर नकळत माझं मन एका बाजूला झुकतं. मग तुमचं उत्तर मी तसंच ऐकेन असं नाही."

"अच्छा," भानुमतीबाई म्हणाल्या. मोठी हुशार दिसते ही, त्यांच्या मनात आलं. शाळेच्या तपासणीला येणारे साहेबसुद्धा असंच म्हणायचे, आम्ही सहज आलो, तुमचं चालू द्या.

त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. शेजारच्या शर्मिलाकडून सकाळीच खव्याची जलेबी मागवून ठेवली होती. ती बशी त्यांनी कादंबरीसमोर सरकवली.

"घ्या मॅडम. आमच्या जबलपूरची आहे. पुण्याकडे अशी नाही भेटत."

"तुम्हाला कसं कळलं मी पुण्याकडची?"

"तुम्ही बोलून राहिल्या ना, त्याच्यावरून."

कादंबरी हसली. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून ती इथे आली होती, आणि मानसशास्त्र शिकलेली असल्यामुळे उदास माणसांवरच्या या अभ्यासात प्रश्न विचारायच्या कामाला लागली होती. तिने मांडीवर टॅबलेट उघडला.

भानुमतीबाई सरसावून बसल्या. उत्तरं तयार होती.

दिवाळीनंतर त्या रांझीच्या दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेल्या होत्या. तिथे एका मुलीने हेच प्रश्न विचारले होते. तेव्हा खरं काय ते सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात दुर्वा दारात उभी राहिली. महाराजपूरची बी.ए. झालेली पोरगी. डॉक्टर नाही, नर्स नाही. अशा उदास माणसांशी कसं बोलायचं एवढंच शिकून आलेली. दर आठवड्याला ती यायची आणि दोघी मिळून एक छोटं काम ठरवायच्या. अंगणातल्या उन्हात बसून केस विंचरायचे. कोपऱ्यापर्यंत जाऊन कोथिंबीर आणायची. एकदा तर ती त्यांना बसने नदीवर, तिलवाऱ्याला घेऊन गेली. घाटाच्या पायरीवर दोघी नुसत्या बसल्या. एरवी भानुमतीबाईंना वाटे की आपण पाण्याच्या तळाशी आहोत, माणसांचे आवाज वरून, फार लांबून येतात. त्या दिवशी पाणी बाहेर होतं. हिरवं, सरकणारं. त्यांनी त्यात बोट बुडवून पाहिलं होतं.

मागच्या आठवड्यात दुर्वा म्हणाली होती, "काकू, आता दूसरी दीदी येईल, सवाल पूछेगी. त्याच्यावरूनच समजेल, आमच्या येण्यानं काही फायदा झाला का नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर दुकान बंद! मग मी घरी, आणि मम्मी माझी शादी लावून मोकळी."

ती हे हसत म्हणाली होती. भानुमतीबाईंना हसू आलं नव्हतं.

"गेल्या दोन आठवड्यांत," कादंबरी वाचू लागली, "कशातही मन न लागणं, आनंद न वाटणं..."

"अजिबात नाही."

"झोप न लागणं, किंवा मध्येच जाग..."

"अजिबात नाही. छान झोपते."

कारखान्याचा पहिला भोंगा व्हायच्या कितीतरी आधी त्यांना जाग यायची. खिडकीतून करडा उजेड आत येऊ लागे आणि टाकीत पाणी चढावं तसा खोलीत चढत जाई. आधी पलंगाचे पाय बुडत, मग खुर्ची, मग भिंतीवरचा यजमानांचा फोटो. आपण तळाशी निजलोय आणि वर कुठेतरी सकाळ आहे, एवढंच कळे. हे दुःख नव्हतं. यजमान गेले तेव्हाचं दुःख त्यांना आठवत होतं, त्याला धार होती. याला काहीच नव्हतं.

"भूक?"

"भूक तर विचारूच नका. दोन पोळ्या जास्तच जातात."

"काकू, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देताय तुम्ही."

"पाठ आहे ना मला."

"पाठ?"

"म्हणजे... मागे विचारले होते ना दवाखान्यात. मास्तरीण होती मी, पाठांतर चांगलं आहे माझं."

कादंबरीने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

एकतीस वर्षं त्यांनी तिसरीच्या वर्गाला शिकवलं. आई गेली त्या हिवाळ्यात त्या हातात खडू धरून फळ्याकडे पाठ करून नुसत्या उभ्या राहायच्या. महिनाभर काही शिकवलं नाही. नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. साहेबांनी एक पाढा विचारला आणि सगळा वर्ग उठून ओरडू लागला, एकामागून एक पाढे, न थांबता, घसा फुटेस्तोवर. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना असं करायला. साहेब खूश होऊन गेले. मग पोरं खाली बसली आणि त्यांच्याकडे, आपल्या बहनजींकडे बघत राहिली, आता ठीक आहे ना, असं.

आज आपली पाळी, भानुमतीबाईंना वाटत होतं.

"हा शेवटचा," कादंबरीचा आवाज थोडा हळू झाला. "यापेक्षा आपण नसतो तर बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात आलं का?"

उत्तर जिभेवर होतं. फक्त सोडायचं होतं. भानुमतीबाईंनी तोंड उघडलं. समोरच्या भिंतीवर पितळी तांब्यातल्या पाण्याचा कवडसा हलत होता, आणि तो हलतोय तोवर आपण बोलू शकणार नाही असं त्यांना वाटलं. तो थांबेना.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दुर्वाची नोकरी तर नाही ना जाणार?"

कादंबरीने डोळे मिटून घेतले.

"काकू! हे काय केलंत?"

"चुकलं काय माझं?"

"मला कळायला नको होतं ना. आता ही उत्तरं माझ्या हातची नाही चालायची. दुसरं कोणी येईल, पहिल्यापासून विचारेल."

"म्हणजे पोरगी नापास."

"कोण, दुर्वा? अहो, तिची परीक्षाच नाही ही. कितीतरी घरं आहेत, काहींत आमचं माणूस जातं, काहींत नाही. सगळ्यांची उत्तरं एकत्र करतात आणि मग बघतात, असं घरी जाऊन बोलल्याने माणसाला बरं वाटतं का. त्यात तिचं नाव नसतं. तुमचंही नसतं."

"नाव नसतं?"

"नाही."

सकाळपासून ताठ धरलेली भानुमतीबाईंची पाठ हळूच भिंतीला टेकली. कुणाला वाचवायचं नव्हतं तर.

कादंबरीने टॅबलेट पिशवीत ठेवला, चेन ओढली, पिशवी बाजूला केली. पण ती उठली नाही.

"आता विचारू एक? हे अभ्यासाचं नाही. मी विचारतेय."

"विचार बेटा."

"शेवटच्या प्रश्नाला तुम्ही थांबलात."

"पहाटे वाटतं," भानुमतीबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्याच कानाला जवळून ऐकू आला. "वाटतं, डोळे नाही उघडले तर कोणाचं काही अडून नाही राहिलं. माझा पोरगा यश बंगलोरला आहे, त्याचं ठीक चालू आहे. दुर्वा येते त्या दिवशी कमी वाटतं. बाकी दिवशी वाटतं."

"काही करावंसं वाटतं?"

"यांच्या झोपेच्या गोळ्या आहेत. फेकायच्या राहून गेल्या. परवा डबा काढून पाहिला. मग ठेवून दिला." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "दुर्वाला नाही सांगितलं. तिला वाटलं असतं, सगळं वाया गेलं."

"तो डबा मला द्याल?"

भानुमतीबाई उठल्या. कपाट उघडायला वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा डबा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, प्रसादाचा असावा तसा. कादंबरीने तो घेतला आणि पिशवीत तळाशी ठेवला. मग तिथेच बसून तिने अभ्यासाच्या डॉक्टरांना फोन लावला. ठरलं, उद्या सकाळी दहा वाजता दवाखान्यात, न्यायला ती स्वतः ऑटो घेऊन येणार. यशलाही सांगायचं. तोवर रात्री सोबत शर्मिला.

"ती शाळेतून पाचला येते," भानुमतीबाई म्हणाल्या. "तुला उशीर होईल. दुसऱ्या घरी जायचं असेल ना?"

"बसते मी."

"दुर्वा येईल?"

"येईल. तिचं येणं नाही थांबायचं."

दुपार पिवळी होऊन अंगणात उतरली होती. कडुलिंबाची वाळलेली पानं फरशीवर सरकत होती, थांबत होती. भानुमतीबाईंच्या पापण्या जड झाल्या. घरात पाहुणी असताना त्या कधी आडव्या झाल्या नव्हत्या.

"मी जरा पडते," त्या म्हणाल्या. "राग नको मानू."

त्या तख्तावर कुशीला वळल्या, दाराकडे पाठ करून. पाणी आलं, पण कोमट होतं, आणि वरचे आवाज फार लांब नव्हते. कादंबरी कुणाला तरी फोनवर हलकेच सांगत होती की आज तिला यायला जमणार नाही. मग पावलं आली. पदर सारखा उडत होता, तो कुणीतरी खांद्याखाली नीट खोवला आणि पंखा एका खटक्याने कमी केला.