अण्णांचा एकच कागद

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. आधीच कबूल करते, स्वभावाने मी मत्सरी आहे. माझे रडगाणे ऐकताना तेवढे ध्यानात ठेवा.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले आणि हिरवा रंग दिला. अण्णांनी छापखान्यातल्या पहिल्या पगारातून मला घरी आणले. ते मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने पकडायच्या, हे त्यांचे काम. घराचा करार, मुलांचे जन्मदाखले, गुणपत्रिका, सगळे माझ्या पोटात असायचे. काही सापडेनासे झाले की अण्णा म्हणत, "ट्रंकेत असेल, म्हणजे आहेच." त्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षे फुगून बसले.

मग अण्णांची फुप्फुसे थकली. एका सकाळी डॉक्टरीणबाई त्यांच्या खाटेशी बसल्या. थोरला मुलगा होता, सूनबाई होती, परगावची धाकटी लेकही आली होती. पुढे आपल्याला बोलता आले नाही तर काय करायचे, हे अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिले. यंत्राच्या श्वासावर ठेवू नका, दुखणे तेवढे कमी करा, घरी खिडकीशी झोपवा, असे बरेच काही.

"आता हा कागद सगळ्यांना दिसेल असा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ट्रंकेत नको हं. ऐन वेळी किल्ल्या सापडत नाहीत. आणि प्रती काढून मलाही एक द्या."

"काढू की," अण्णा म्हणाले. "आधी शुद्धलेखन तपासतो."

जन्म छापखान्यात गेला आणि स्वतःच्या कागदाची दुसरी प्रत काही त्यांनी काढली नाही.

ट्रंकेत नको! मी खाटेखालीच होते, अगदी माझ्या तोंडावर बोलल्या. धाकटीने तो कागद चुंबकाने फ्रीजच्या दारावर लावला. काल आलेला फ्रीज! परवाची भाजी आणि अर्धे लिंबू सांभाळणारा! रात्रंदिवस त्याची गुरगुर ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण जळणारी मी एकटी नव्हते. एकदा थोरला पाणी प्यायला गेला आणि कागदासमोर थबकला. 'माझ्या वतीने धाकटीने बोलावे,' एवढे वाचले आणि त्याने कागद खेचून काढला.

"अहो, राहू द्या ना तिथे," सूनबाई म्हणाली.

"आल्यागेल्याला तमाशा कशाला?" मग खरे ते बाहेर पडले. "अंघोळ मी घालायची, औषधं मी द्यायची, आणि बोलायचं तिनं? महिन्यातून एकदा येणारीनं?"

अण्णांना डुलकी लागली होती. त्याने कागद माझ्यात टाकला, कुलूप लावले आणि किल्ली खिशात घातली. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, थोरला कामावर असताना अण्णांचा श्वास अडकला. सूनबाईने ॲम्ब्युलन्स बोलावली.

"त्यांना नळी नको होती हो," ती रडत म्हणाली.

"लिहिलेलं असेल तर दाखवा, वहिनी," ॲम्ब्युलन्सबरोबर आलेला डॉक्टर म्हणाला. "नुसत्या सांगण्यावर मला थांबता येत नाही."

ती खाली बसून माझे कुलूप हिसडू लागली. मी उघडले नाही. मला उघडता येतच नव्हते, मित्रांनो. पण उघडावेसे वाटले, ते आयुष्यात पहिल्यांदाच.

चार दिवस नळी अण्णांच्या घशात होती आणि त्यांचे शब्द माझ्या पोटात. धाकटी धावत आली. "दादा, किल्ली दे, नाहीतर कुलूप फोडते."

"तुला कसली घाई झालीय?" तो खेकसला.

चौथ्या दिवशी तो दवाखान्यातून आला तो थेट माझ्याकडेच. अण्णांनी नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले होते, ते पाहून आला होता. त्याने मला उघडले आणि कागद बहिणीच्या हातात दिला. "वाच."

तिने मोठ्याने वाचले. "माझ्या वतीने धाकटीने बोलावे. थोरल्याने माझे सगळे केले. 'आता पुरे' हे मात्र त्याच्याकडून वदवून घेऊ नका. त्याला ते जन्मभर टोचेल."

थोरला माझ्या झाकणावर डोके टेकून रडला. ही ओळ दोन महिने पोटात घेऊन मी फुशारत होते, याची मला लाज वाटली.

मग धाकटी बोलली. नळी निघाली, अण्णा घरी आले. दोन दिवस खिडकीशी होते. वेदना फारशी नव्हती, पण शुद्धही नव्हती. "अण्णा, मी वाचलं," थोरला त्यांच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणायचा. त्यांनी ऐकले की नाही, ते शेवटपर्यंत कळले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे लिहिले, तर त्याच्या प्रती काढा. सगळ्यांनी बसून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा, आणि लिहिणाऱ्याला "हो, असंच" म्हणता येतेय तोवर वाचा. फ्रीजचा मला आजही हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? पण तो कागद मला देऊ नका. मी मागितला, तरी देऊ नका.