उसणकाकांचे हात

"शर्ट काढा आणि पालथे पडा," असं गिऱ्हाइकाला सांगून उसणकाकांनी तेलाची वाटी उचलली खरी, पण हात काही पुढे जाईनात.

कमरेत उसण भरलेला माणूस वाकडा यायचा आणि यांच्या मालिशीनं सरळ होऊन जायचा, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. बायकोची कंबर धरली तेव्हा त्यांना वाटलं, हा तर आपला हातचा मळ. दोन महिने रोज संध्याकाळी त्यांनी ती चोळली.

"अंगठा जरा खाली," ती म्हणायची.

"आता तू शिकव मला," ते म्हणायचे.

तिच्या स्तनातली गाठ नऊ वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. घराच्या लेखी तो विषय संपला होता. माणूस किती लवकर निर्धास्त होतो बघा.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो दाखवला. त्या गाठीतल्या काही पेशी तेव्हाच निसटून हाडात जाऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं निपचित पडून राहिल्या, आता जाग्या झाल्या.

"मी चोळून जाग्या केल्या का?" काकांनी विचारलं.

"नाही हो. त्या कशानं उठतात, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण चोळण्यानं नाही. फक्त आता हाड ठिसूळ झालंय, दाबू नका."

काकांना तेवढं 'दाबू नका' ऐकू आलं.

"आधी फोटो काढून आणा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले.

"काका, साधी उसण आहे."

"साधी आहे हे कुणी ठरवलं?"

गिऱ्हाईक पुटपुटत निघून गेलं. आत पलंगावरून बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्याला कशाला घालवलंत?"

"तुला आधी शंका आली नव्हती?"

"आली होती. पहिल्याच आठवड्यात."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही चोळत होतात तोवर ती उसणच होती ना," ती म्हणाली.

काकांना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा. मोरीत जाऊन त्यांनी ते साबणानं खसखसून धुतले.

संध्याकाळी ती सवयीनं कुशीवर वळली.

"दाबायचं नाही म्हणून सांगितलंय," काका दारातूनच म्हणाले.

"दाबू नका म्हणाल्या त्या. हात ठेवू नका असं कुठे म्हणाल्या?"

काका पलंगाच्या कडेला बसले. झोपलेलं मूल उठू नये तसा त्यांनी तळहात तिच्या कमरेवर टेकवला आणि हाताचा सगळा भार स्वतःच्याच खांद्यावर तोलून धरला. थोड्याच वेळात खांदा भरून आला.

"अंगठा जरा खाली," ती म्हणाली.

त्यांनी अंगठा खाली सरकवला.