आधी हात, मग पिशवी

प्रेमला हनमंते बाईंच्या हाताखाली नर्सिंग शिकलेल्या कुठल्याही मुलीला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिनं सांगितलं असतं: घरभेटीला गेलं की आधी त्या घरचं पाणी मागायचं, साबणानं हात धुवायचे, आणि मगच पिशवी उघडायची. हे पुस्तकातलं झालं. बाईंचा दुसरा नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. गावात शिरलं की भेटी शेवटच्या गल्लीपासून सुरू करायच्या.

त्यालाही कारण होतं. बाई मूळच्या लोह्याच्या. लहानपणी त्यांच्या गल्लीत देवीची लस टोचणारे यायचे, नाही असं नाही. पण आधी वरच्या आळीत चहा, मग मधल्या आळीत सरबत, असं करत करत पोचेपर्यंत लस संपलेली असायची. त्यांच्या धाकट्या भावाच्या, नरसिंगच्या तोंडावरचे देवीचे व्रण म्हणजे त्या चहासरबताची पावती होती. पुढे नांदेडला शिकून बाई नर्स झाल्या, मग नर्सिंगच्या शिक्षिका झाल्या, पण तो राग काही त्यांनी म्हातारा होऊ दिला नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिथल्या नव्या नर्सिंग शाळेवर त्यांची बदली झाली. जिल्ह्याला अजून वर्ष पुरं व्हायचं होतं, पाट्यांवरचा रंग वाळायचा होता, आणि तेवढ्यात दुष्काळ येऊन बसला. त्यातच निरोप आला, की मान्यतेच्या तपासणीला मुंबईहून कुसुम खांबेटे नावाच्या बाई येणार आहेत. मान्यता मिळाली तर शाळा राहणार, नाहीतर मुली घरी. घरी म्हणजे कुठे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. निम्म्या मुलींचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तिथे आणखी एक हातोडी सहज मिळाली असती.

शाळेचे प्रमुख रेणुकादास डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणाचं वाईट व्हायला नको म्हणून सगळ्यांना होय म्हणायचा. त्यांनी आदल्या दिवशी बाईंना गळ घातली, की उद्या तपासणीच्या घरभेटींना उदगीर रस्त्यावरच्या गावात अमृतराव पाटलांकडूनच सुरुवात करा, त्यांनी फराळाची तयारी केलीय, त्यांचा तीन महिन्यांचा नातू वजन करायला आयताच आहे. एक दिवस तत्त्व घरी ठेवलं तर त्याला काही बुरशी येत नाही, असंही म्हणाले. बाई ऐकून घेतात तेव्हा मान हलवतात. डॉक्टरांना तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी खांबेटे बाईंना आणि मुलींना घेऊन गाडी गावात शिरली. डॉक्टर पाटलांच्या ओसरीवर उतरले, आणि गाडी तशीच पुढे निघून थेट बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबली. नागुबाईच्या लेकीचं बाळंतपण नुकतंच झालं होतं. नवं बाळ आधी, हे तर पुस्तकही म्हणत होतं. परीक्षेला महानंदा उभी होती. मुलगी लिंगायताची, उदगीरकडची, हुशार, पण त्या दिवशी तिच्या ओठांना कोरड पडलेली. तिनं जमिनीवर कागद अंथरला, त्यावर पिशवी ठेवली, आणि घोकल्याप्रमाणे हात धुवायला पाणी मागितलं.

नागुबाई कपाळाला हात लावून उभी राहिली. "कुठलं पाणी, माय? रांजण कोरडाठाक हाय. टँकर पाटलाच्या दारातच रिकामा होतो. आमच्यापातुर आला तर तळचा गाळ येतो."

टँकर गल्लीत का येत नाही, तर म्हणे चाक रुततं. हे पाटलांनी तहसीलदारालाही सांगितलं होतं आणि तहसीलदारानं ते मानलंही होतं.

महानंदानं बाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, गाडीत..."

"महानंदा, नियम काय आहे?" बाईंनी तिला तिथेच तोडलं.

"आधी हात, मग पिशवी."

"मग थांबा."

खांबेटे बाई नागुबाईच्या उंबऱ्याशी दगडावर टेकल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि कधीपर्यंत थांबायचं ते विचारलं. पाणी येईपर्यंत, असं प्रेमलाबाईंनी सांगितलं. आवाज सरळ होता, पण एका हट्टापायी आपण या पोरींचं वाटोळं तर करत नाही ना, असं त्यांना वाटून गेलं. आत बाळ रडत होतं, पिशवी बंद होती.

तिकडे ओसरीवर पोहे गार होऊ लागले. पाटलांनी आपला गडी केरबा याला पिटाळलं. केरबा आला, हकिगत ऐकून गेला, परत आला. पाटील म्हणतेत, हिकडं या, हितं लई पाणी हाय, हात धुऊन मग जा तिकडं. बाईंनी निरोप धाडला, की हात ज्या घरी धुवायचे त्याच घरी धुवायचे. रस्त्याची धूळ लागलेले हात बाळाला चालत नाहीत.

मग पाटलांची खरी पंचाईत झाली. घागर पाठवावी, तर बौद्धवाड्यातून आलेली घागर पुन्हा माजघरात कशी घ्यायची? न पाठवावी, तर मुंबईच्या पाहुण्या पाटलाचं तोंड न पाहताच परत जाणार आणि तालुकाभर शोभा होणार. घागरीला विटाळ होतो. टँकर मात्र सरकारी, त्याला कशाचाच विटाळ नाही. अमृतरावांनी बराच विचार केला असावा, कारण केरबा तिसऱ्यांदा आला तो टँकरच्या पायरीवर उभा राहून, भोंगा वाजवतच.

चाक कुठेही रुतलं नाही. गल्लीतल्या बायका घागरी, हंडे, डालड्याचे डबे घेऊन धावल्या. नागुबाईचा रांजण गळ्यापर्यंत भरला. महानंदानं नखांपासून कोपरापर्यंत हात धुतले, पिशवी उघडली आणि बाळाची नाळ तपासली. मग सगळ्याजणी पाटलांकडे गेल्या, नातवाचं वजन केलं आणि गार पोहे चवीनं खाल्ले.

परतताना रस्त्यात एका खड्ड्यात गाडी उसळली आणि सीटखालून पाण्याचा डबा घरंगळत खांबेटे बाईंच्या पायाशी आला. तो काठोकाठ भरलेला होता. डॉक्टरांनी डबा पाहिला, मग प्रेमलाबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. घरी पाणी नसेल तर सोबतचं वापरावं, हेही पुस्तकात होतं.

आता लपवून उपयोग नव्हता. "हे वापरलं असतं तर मुलगी पास झाली असती, बाई," प्रेमलाबाई म्हणाल्या. "रांजण भरला नसता. चूक माझी आहे, मुलींना शिक्षा नको."

खांबेटे बाईंनी डब्याचं झाकण काढलं, पेला भरला आणि सावकाश प्यायल्या. "हनमंते, हा डबा सकाळी येतानाच माझ्या पायाला लागला होता."

त्यांनी पदरानं ओठ टिपले.

"मान्यतेची शिफारस मी करणार आहे. पण पुढच्या खेपेला डबा नीट लपवा. दुसरा तपासनीस गप्प बसेलच असं नाही."

मग त्यांनी तोच पेला पुन्हा भरला आणि प्रेमलाबाईंपुढे धरला. बाईंना सकाळपासून तहान लागली होती, हे त्यांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.