एक शिफ्ट बंद

माहुलीच्या लोखंडी शिडीवर मध्येच केसरीनाथ थांबले आणि खाली चार ट्रेकवाले खोळंबले. गुडघ्यांनी दगा दिला नव्हता. कडा बघून माणूसच थक्क झाला होता.

"उन्नती, असल्या कड्याला लढाईत शिड्या लावल्या व्हत्या?" ते ओरडले. भिवंडीच्या निजामपुऱ्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करता करता अडतीस वर्षांत कान गेले, आवाज मात्र लूमवर मात करण्याच्या सवयीचाच राहिला.

वर पोचलेल्या मुलीने नुसते ओठ हलवले. लूमवाल्यांच्या घरात असंच बोलतात. "हो बाबा, सोळाशे सत्तरमध्ये. महाराजांची हजारभर माणसं पडली म्हणतात."

"आन् गड?"

"तेव्हा नाही मिळाला. चार महिन्यांनी आला."

पडघ्यातल्या घरामागून हा गड जन्मभर दिसायचा. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बायको म्हणायची, एकदा वर जाऊ या. केसरीनाथांचं उत्तर ठरलेलं, "गड काय पळून जातोय?" गड जागेवर राहिला, कमळच गेली, दोन वर्षांपूर्वी. त्याच कारखान्यात वीस वर्षं सुताच्या कांड्या भरलेली बाई. कामगार वारला की एक शिफ्ट लूम बंद ठेवायची तिथली रीत. कमळच्या वेळी शेठ म्हणाला, ऑर्डर अडकलीय. दुसऱ्यांसाठी या रीतीवरून भांडणारे केसरीनाथ त्या दिवशी मान हलवून गप्प बसले. ते त्यांना अजून खात होतं.

वर येऊन त्यांनी चौफेर नजर फिरवली. शेजारी सुळके आभाळात घुसलेले, खाली तानसा तलावाचं पाणी, दूर धुरकटात गोदामांचे पत्रे. एवढ्या उंचीवर माणसं मरायला चढली होती.

पडक्या दरवाजाच्या दगडाला त्यांनी तळवा लावला. लूमला असा हात लावला की कुठला नट ढिला ते त्यांना कळायचं. ते बराच वेळ थांबले. दगडात कसलीही थरथर नव्हती.

"बंद हाय," ते म्हणाले. "त्या हजारांसाठी कुणीतरी शिफ्ट बंद ठेवलीय. तुझ्या आईसाठी मी येक शिफ्ट मागितली न्हाय गं."

त्यांच्या मते ते हळू बोलले होते. ऐकू मात्र अख्ख्या गडाला गेलं.

उन्नतीने आपला तळवा त्यांच्या हाताशेजारी दगडावर ठेवला. मागून आलेल्या ट्रेकवाल्यांनी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. केसरीनाथांना ते कळलंही नाही.