भैरवीचं वाण

शेजारच्या जिजाबाईंनी वाणाचा पुडा तिथल्या तिथे, सगळ्या बायकांसमोर फोडला. वाण घरी नेऊन उघडायचं असतं, पण जिजाबाईंना दम कुठला! कागदातून मोत्यांच्या दोन कुड्या निघाल्या. त्या तळहातावर घेऊन त्यांनी खिडकीच्या उजेडात धरल्या.

"अव माय! ह्या तं तुयाच कुड्या आहेत ना वं, भैरवी?"

"हो काकू. तुम्हाला आवडतात ना," भैरवी म्हणाली आणि पुढच्या बाईला हळद लावायला वळली.

मग काय, सगळ्यांनीच आपापले पुडे फोडले. कुणाला बनारसी ओढणी मिळाली, कुणाला चांदीची अत्तरदाणी. वरच्या मजल्यावरची उन्नती भैरवीकडे गाणं शिकायला यायची, तिला चक्क श्रुतीपेटी मिळाली. हॉलभर गलका झाला. काय पण डोकं चाललं बाई हिचं, दरवर्षी त्या मेल्या प्लॅस्टिकच्या डब्या नेऊन नेऊन कंटाळलो होतो, वाण लुटावं तर असं!

तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या यमुताई, म्हणजे भैरवीच्या सासूबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. वाण नवं असतं, बाजारातून आणलेलं असतं आणि सगळ्यांना सारखं असतं. आपली वापरलेली वस्तू कुणी वाणात देत नाही. "वाणाचं मी बघते, आई," असं सून म्हणाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, इतवारीतून स्टीलच्या वाट्या आणेल. आता चारचौघींत काय बोलणार? त्यांनी मुकाट्यानं तिळगूळ वाटला आणि सगळ्यांना गोड बोलायला सांगितलं.

यमुताईंचा विश्वास तसा कुणावरच नव्हता. दूधवाल्याच्या देखत त्या दुधात बोट बुडवून बघत. औषधाच्या दुकानात गोळ्यांवरची तारीख स्वतः वाचत, मग दुकानदाराला वाचायला लावत. त्यामुळे भैरवीला डिप्रेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्यांबरोबर दर गुरुवारी धंतोलीतल्या एका बाईंकडे बोलायला जायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, हे सारं फालतू आहे. बोलायला घरात माणसं नाहीत का? दिवाळीनंतर भैरवीनं शाळेतली गाण्याची नोकरी सोडली, दिवसभर पडून राहायला लागली. का, म्हणून विचारलं तर कारण काहीच नव्हतं. बिनकारणाचं दुखणं यमुताईंना मुळीच पटत नव्हतं.

त्यात दोन-चार गुरुवार झाले आणि एके दिवशी भैरवी सरळ म्हणाली, "आई, माझ्या माहेराबद्दल असं बोलू नका. मला त्रास होतो." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! यमुताईंनी संध्याकाळी मुलाला ऐकवलं, "बघ, हेच शिकवून राहिली ती चिन्मयी का फिन्मयी. घर फोडण्याचे धंदे." पुढच्या गुरुवारी गुडघा दाखवायचं निमित्त काढून त्या भैरवीबरोबर धंतोलीला गेल्यासुद्धा. बाहेरच्या बाकावर, दाराला अगदी खेटून बसल्या. पण आतलं एक अक्षर कानावर पडलं नाही, नुसती पंख्याची घरघर. ज्या बाईचं काम दार लावून चालतं ती खरी कशावरून?

आणि नव्या वर्षात सगळं एकदम पालटलं. भैरवी सकाळी उठायला लागली, वेणीफणी करायला लागली, पानावर बसून नीट जेवायला लागली. माहेराचा विषय निघाला तरी हसून सोडून द्यायची. "चिन्मयीताई म्हणाल्या, आता यायची गरज नाही," असं तिनं सांगितलं आणि गुरुवार बंद झाले. संक्रांतीचं हळदीकुंकू करू या, हेही तीच म्हणाली.

बायका गेल्या, सतरंज्या गोळा झाल्या, तोवर अपूर्व मिहानमधल्या ऑफिसातून घरी आला. बायकोनं आज काय काय केलं ते ऐकून त्याचा चेहरा इतका खुलला की यमुताईंना त्याच्याकडे बघवेना. भैरवी आत गेल्यावर तो आईजवळ येऊन बसला.

"आता तरी मान्य कर, आई. थेरपी लागू पडली."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? जेवते, झोपते, हसते. स्वतःहून लोकांना घरी बोलावलं तिनं! अजून काय पाहिजे तुला?"

"लग्नातल्या कुड्या देऊन टाकल्या तिनं जिजाबाईला."

"तिच्या आहेत. ती देईल नाही तर ठेवील."

"आणि काल तुला वॉशिंग मशीन काहून शिकवून राहिली होती?"

"मला येत नाही म्हणून!" अपूर्व हसला, पण लगेच त्याचा आवाज चढला. "आई, ती पडून राहायची तेव्हा तू म्हणायचीस नाटक आहे. आता उठून काम करते तर आताही म्हणतेस नाटक आहे. तुला ती बरी झालेली बघवत नाही का?"

यमुताईंच्या हे वर्मी लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. थेरपी खोटी ठरावी असं त्यांना मनापासून वाटत आलं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्यांनी काहीही म्हटलं तरी ते त्याच खात्यात जमा होणार.

त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्या वारांची नावं लिहून ओळीनं मांडलेल्या होत्या, भरलेल्या. मसाल्याच्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या होत्या. जिरं, ओवा, धणेपूड. चष्म्याशिवाय वाचता यावं अशा मोठ्या, सुवाच्य अक्षरांत. भैरवीला तर डोळे मिटूनही कुठल्या बरणीत काय ते कळायचं. यमुताईंनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली होती. बदली झालेला माणूस चार्ज देताना टेबल असं लावून देतो. त्यांना भीती वाटली, पण कशाची ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपूर्व ऑफिसात असताना "देवळात जाऊन येते" असं सांगून यमुताई निघाल्या आणि रिक्षा करून थेट धंतोलीला गेल्या. वाटेत भांडणाची तयारी केली. बाई चिडली तर काय म्हणायचं, उडवून लावलं तर काय म्हणायचं, सगळं ठरवलं. हिनंच काहीतरी करून ठेवलंय आणि आता हात झटकलेत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

चिन्मयी त्यांना वाटली होती त्याहून लहान निघाली. दुपारचा डबा खाऊन ती झाकण लावत होती.

"मी भैरवीची सासू."

"बसा ना. पण एक आधीच सांगते, काकू. माझ्याकडे कोण येतं, काय बोलतं, यातलं मी काहीच सांगू शकत नाही. घरच्यांनाही नाही."

"तेच तर!" यमुताई उभ्यानंच कडाडल्या. "सारं झाकूनच ठेवायचं तर तुमचं औषध लागू पडलं का नाही, हे आम्ही ओळखायचं कसं? अन् अर्ध्यात सोडून दिलं पोरीला. 'आता यायची गरज नाही' म्हणे! म्हणालात ना तुम्ही असं?"

चिन्मयीचा हात झाकणावर थांबला. यमुताई तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. खोटं बोलणारी माणसं त्यांनी रगड पाहिली होती, ही त्यातली नव्हती. हिनं असं काही म्हटलेलंच नव्हतं. मग हे भैरवी म्हणाली होती, आपणहून.

यमुताई खुर्चीत बसल्या.

"मी सांगू शकत नाही," चिन्मयी म्हणाली, "पण तुम्ही मला सांगू शकता. काय दिसलं तुम्हाला?"

ठरवलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. यमुताईंनी कुड्यांचं सांगितलं, श्रुतीपेटीचं सांगितलं, बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं. सांगताना त्यांचं त्यांनाच ते किती किरकोळ वाटत होतं. सून गुणी झाली अशी तक्रार घेऊन कोणती सासू येते? ही आता हसेल, असं त्यांना दर वाक्याला वाटत होतं.

चिन्मयी हसली नाही. "काकू, आत्ता घरी तिच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. ती एकटीच..."

बोलता बोलताच यमुताईंना कळलं आपल्याला काल रात्रीपासून कसली भीती वाटत होती. पर्समधला मोबाइल त्यांना सापडेना, चिन्मयीनंच तो काढून दिला. तिनं स्वतःच्या मोबाइलवरून अपूर्वला फोन लावला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं म्हणून भैरवीनंच त्याचा नंबर देऊन ठेवला होता. यमुताईंनी जिजाबाईंना लावला.

"जिजाबाई, माझ्या घरी जा. आत्ताच्या आत्ता. भैरवीपाशी बसा, मी येईपर्यंत हलू नका."

"काहून जी? काय झालं?"

"मग सांगते. तिला काही विचारू नका. काहीही निमित्त काढा, पण बसा."

"चाललीच मी. चप्पल बी घातली," जिजाबाई म्हणाल्या आणि पुढचं काही न विचारता त्यांनी फोन ठेवला.

चिन्मयी दारापर्यंत आली. "तिला इकडे घेऊन या. अपूर्व ऑफिसातून निघालेत, ते थेट इथेच येतील. डॉक्टरांना मी थांबवून ठेवते. क्षणभरही एकटं सोडू नका. आणि तिला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का."

"असं कसं विचारू? नसेल डोक्यात तर यायचं."

"विचारल्यानं येत नाही, काकू. आधीच आलेलं असेल तर सांगायला जागा मिळते."

"मी विचारू? सासू आहे मी तिची. अन् मी तर हे सारं फालतू म्हणत आले."

"आज तुम्हीच आल्या आहात," चिन्मयी म्हणाली.

रिक्षावाल्याला खालीच थांबायला सांगून यमुताई जिना चढल्या. अर्ध्या जिन्यातच जिजाबाईंचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी कठडा धरून श्वास घेतला. जिजाबाई तुरीच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. दोघी हॉलमध्ये खाली बसून त्या सोलत होत्या आणि उमरेडच्या भाचीचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं, ते जिजाबाई न थांबता सांगत होत्या. यमुताईंचा चेहरा पाहून त्या गप्प झाल्या, उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"लवकर आलात, आई. गर्दी नव्हती का देवळात?" भैरवी म्हणाली.

यमुताई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघा कळवळला, पण बसल्या.

"भैरवी, तुला मरावंसं वाटतं का?"

भैरवी हसली. गेले कितीक दिवस घरात सगळ्यांना आवडत असलेलं हसू. "काहीतरीच काय, आई! किती छान चाललंय सगळं."

"मला खोटं नको सांगू. मी तुला कधी खरं मानलं नाही, माझं चुकलं. पण मला तू पाहिजे आहेस, पोरी. बरी झालेली नसलीस तरी पाहिजे. दिवसभर पडून राहिलीस तरी पाहिजे."

भैरवीनं आणखी एक शेंग उचलली. ती सोलली, दाणे वाटीत टाकले. दुसरी उचलली आणि ती तिच्या हातातच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्याखालचा चेहरा इतका दमलेला होता की यमुताईंना तो ओळखायला वेळ लागला.

"तुमचं हळदीकुंकू होऊ दे, म्हटलं, आधी," भैरवी म्हणाली. "नंतर वर्षभर घरात सण झाला नसता ना."

दारात जिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. यमुताईंनी भैरवीचं मनगट घट्ट धरलं, तिला उभं केलं आणि दारापर्यंत आणलं.

"कुठे जायचं?" भैरवीनं विचारलं.

"चिन्मयीताईंकडे. मी बसते बरोबर. बाहेर बस म्हणाल्या तर बाहेर बसते."

भैरवी चपलांकडे नुसती बघत उभी राहिली. तेव्हा यमुताई तिचं मनगट न सोडता खाली वाकल्या आणि त्यांनी एकेक करून सुनेच्या पायांत चपला घातल्या.